पुरानंतर ‘पूर्वपदावर’ यायचे म्हणजे नेमके कोणत्या पदावर?

पावसाळ्यात महाराष्ट्रातली कुठली ना कुठली नदी पात्र सोडते. पाणी ओसरले की वर्तमानपत्रांत ठरलेले वाक्य छापून येते : जनजीवन पूर्वपदावर. दुकाने उघडतात, एस.टी. सुरू होते, पाहणी दौरे संपतात. वस्तीतल्या घराची भिंत मात्र तेव्हाही ओलीच असते.

आमचा प्रश्न या ‘पूर्वपदा’बद्दल आहे. ज्या घराची जागा आधीपासूनच सखल होती, भिंत मातीची होती आणि कागद नावावर नव्हता, ते घर पूर्वपदावर आणायचे म्हणजे पुढच्या पुरासाठी तयार ठेवायचे. घरात पाणी शिरणे ही दोन-चार दिवसांची घटना असते. पण पाणी कोणाच्या घरात आधी शिरणार, कोणाची भिंत पडणार आणि कोणाला भरपाई मिळणार, हे फार पूर्वी ठरलेले असते. ते कसे ठरले, हे समजून घेतल्याशिवाय पूरग्रस्तांचे पुनर्वसन हा विषय समजणार नाही.

‘पूर काही जात बघून येत नाही’ असे सांगणारे लोक लगेच पुढे येतील. खरे आहे, पाण्याला जात नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. तेव्हा बंगलेही बुडाले आणि झोपड्याही बुडाल्या. पण पाणी येण्याआधी वस्त्या वसवणारी, आणि पाणी गेल्यावर याद्या करणारी माणसे असतात. तिथे जात असते. म्हणून ‘पाण्याला जात नसते’ या वाक्यावर चर्चा थांबवणाऱ्यांना आम्ही विचारतो : मग भिंतीला जात कुठून आली?

पाणी भिंतीचे काय करते?

आधी भिंतीचेच बघू. मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत कोरडी असते तोवर चांगली मजबूत असते. मातीतला चिकण भाग बाकीचे कण धरून ठेवतो. पाणी लागले की हीच पकड सुटते. पुराचे पाणी गुडघाभर असले, तरी ओल कंबरेपर्यंत चढते, कारण माती पाणी वर शोषून घेते. पायथ्याशी वाहते पाणी माती कोरत असते. वरून छपराचा भार तसाच असतो. म्हणून पुष्कळ मातीची घरे पूर असताना उभी राहतात आणि पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवसांनी बसतात. पाणी गेले म्हणून माणसे घरात परततात, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो.

पक्क्या विटांच्या आणि सिमेंटच्या घरालाही पाणी सोडत नाही. प्लास्टर फुगते, भिंतीवर मिठासारखा पांढरा थर येतो, कपाटामागे बुरशी धरते, वायरिंगमध्ये पाणी राहते. पण ते घर सहसा विरघळत नाही. धुऊन, वाळवून, रंग देऊन पुन्हा राहण्याजोगे करता येते. मातीच्या घराचा मालक सगळे पहिल्यापासून सुरू करतो.

शिवाय पुराचे पाणी म्हणजे नुसते पावसाचे पाणी नसते. त्यात गटारे, शौचालयांच्या टाक्या, मेलेली जनावरे, शेतातली औषधे असे सगळे मिसळलेले असते. सखल भागातल्या घरात हा गाळ सर्वांत जास्त साचतो, कारण वरच्या आळीचे पाणी उतरून तिथेच येते. धान्याची कणगी, अंथरूण, मुलांची वह्या-पुस्तके, जातीचा दाखला, रेशनकार्ड हे सगळे त्याच गाळात जाते. लेप्टोस्पायरोसिस, कावीळ, जुलाब हे आजार त्यामागून येतात.

म्हणजे नुकसान किती होणार हे तीन गोष्टींवर ठरते : घर कुठे आहे, कशाचे आहे आणि कोणाच्या नावावर आहे. आता या तिन्ही गोष्टी इतिहासात शोधू.

तीन बंद्या

बाबासाहेबांनी भारतीय खेड्याला अस्पृश्यांची घेटो म्हटले. त्यांचे ते लिखाण त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते आहे. त्यात अस्पृश्यांवर खेड्याने लादलेल्या नियमांची यादी दिली आहे. अस्पृश्यांनी हिंदूंच्या वस्तीपासून वेगळे राहायचे, आणि दिशांमध्ये अशुभ मानलेल्या दक्षिणेला राहायचे. जमीन आणि गुरेढोरे यांसारखी संपत्ती मिळवायची नाही. आणि कौलारू घर बांधायचे नाही. हे नियम मोडले तर तो गुन्हा.

ही यादी पुराच्या संदर्भात पुन्हा वाचा. पहिला नियम घराची जागा ठरवतो. दुसरा मालकी नाकारतो. तिसरा तर थेट छपरावर बोट ठेवतो. कौले असलेल्या घराला वजन पेलणाऱ्या भिंती लागतात, वासे लागतात, चांगला पाया लागतो. कौले नाकारणे म्हणजे टिकाऊ घर नाकारणे. ही गरिबी आपोआप आलेली नव्हती. ऐपत असलेल्या अस्पृश्यालाही पक्के घर बांधता येऊ नये, अशी सोय खेड्याने करून ठेवली होती.

महाराष्ट्रातल्या खेड्याची रचना आपल्याला माहीत आहे. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरी बहुधा उंचवट्यावर असते, कारण पिढ्यान्पिढ्या पडलेल्या घरांच्या मातीवर नवी घरे उभी राहत गेली आणि जमीन उंचावत गेली. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा या पांढरीच्या कडेला किंवा तिच्या बाहेर. गावागणिक दिशा बदलते, पण गावाचे सांडपाणी जिकडे उतरते आणि ओढा-नदीचे पाणी जिकडून चढते, त्या बाजूला आपली वस्ती किती गावांत आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यात स्वतः मोजून बघावे. यासाठी मोठे संशोधन लागत नाही. गावचा नकाशा, पूररेषा आणि एक पायपीट पुरते.

मालकीचेही तसेच. महार वतनाची जमीन ही गावाच्या आणि सरकारच्या चाकरीसाठी बांधून ठेवणारी जमीन होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यातली मागणी होती. जिथे ती पूर्ण झाली नाही, तिथे आपले लोक आजही गायरानावर, नदीकाठच्या सरकारी जमिनीवर, ओढ्याच्या कडेला ‘अतिक्रमण’ म्हणून राहतात.

बंद्या गेल्या, चौकट राहिली

आता आजच्या मदतीच्या नियमांकडे या. आपत्तीनंतर मिळणाऱ्या मदतीचे दर केंद्र सरकार ठरवते आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पैसे दिले जातात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या दरांनुसार सपाट भागातले घर पूर्ण पडले, तर १,२०,००० रुपये. घर अंशतः पडले आणि पडझड निदान १५ टक्के असली, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. घर पूर्ण गेले असेल किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असेल, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५०० रुपये. राज्य सरकार मोठ्या पुरानंतर वाढीव मदत जाहीर करते, पण चौकट हीच राहते.

या चौकटीत तीन फटी आहेत.

पहिली फट कागदाची. पडलेले घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे आणि तसे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे, अशी अट या नियमांत आहे. ज्यांना जमीन मिळवू दिली नाही, त्यांच्याकडे आता जमिनीचा कागद मागितला जातो. त्यात पूररेषेची भर पडते. आपल्या राज्यात निळी पूररेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. नदी सुरक्षित राहावी म्हणून ही बंदी योग्यच आहे. पण रेषा आखली गेली तेव्हा ज्यांची वस्ती आधीच आत होती, त्यांना दुसरी जागा न देता ‘तुम्ही प्रतिबंधित क्षेत्रात आहात’ एवढेच सांगणे हा न्याय नाही.

दुसरी फट भिंतीची. अंशतः पडलेल्या कच्च्या घराला पक्क्यापेक्षा कमी रक्कम मिळते. ‘घर’ आणि ‘झोपडी’ यांच्यात तर पंधरा पटींचा फरक आहे. पंचनामा करणाऱ्याने कोणता शब्द लिहिला, यावर एका कुटुंबाची पुढची दहा वर्षे ठरतात. माती, पत्रा आणि प्लास्टिक मिळून उभ्या राहिलेल्या घराला घर म्हणायचे की झोपडी? ते लिहिण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, तो आपल्या वस्तीकडे कोणत्या नजरेने बघतो?

तिसरी फट वेळेची. पंचनामा होतो तेव्हा भिंत उभी असते, म्हणून ‘अंशतः’ किंवा ‘१५ टक्क्यांपेक्षा कमी’ अशी नोंद होते. भिंत पुढच्या आठवड्यात बसते. ओल, बुरशी, खचलेला पाया, सडलेले वासे हे नुकसान टक्केवारीत धरलेच जात नाही. आधी सांगितलेला मातीच्या भिंतीचा स्वभाव आणि सरकारी वेळापत्रक यांचा मेळच बसत नाही.

या नियमांत कुठेही जातीचा उल्लेख नाही. उलट आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ मध्ये मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही जागा, भिंत आणि कागद यांच्या आधारे मदत मोजली, की जुन्या तीन बंद्यांचा निकाल नव्या यादीत आपसूक उतरतो. कोणी जाणूनबुजून भेदभाव केला नाही तरी उतरतो, आणि जाणूनबुजून करणारा असेल तर त्याचे काम सोपे होते.

बाबासाहेब आणि पूर

पूर हा आपल्या चळवळीचा विषय नाही, असे काही तरुणांना वाटते. त्यांनी बाबासाहेबांची १९४२ ते १९४६ ही वर्षे वाचावीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीचा बांध बर्दवानजवळ फुटला. बंगाल आधीच दुष्काळात होता, महायुद्ध चालू होते. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला. तोवरची रीत अशी की बांध फुटला की पुन्हा बांधायचा, म्हणजे पूर्वपदावर आणायचे. चौकशी समितीने, ज्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते, संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करण्याचा मार्ग सुचवला. बाबासाहेबांच्या खात्याने तो पुढे नेला. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या योजनेवर काम केलेल्या वूर्डुइन या अभियंत्याकडून आराखडा तयार झाला. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. त्याच १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये महानदीच्या प्रश्नावर कटकला झालेल्या परिषदेत त्यांनी पुराचे पाणी म्हणजे फक्त संकट, ते लवकर समुद्रात काढून द्यावे, या विचारावर टीका केली. पाणी ही लोकांची संपत्ती आहे, ते साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांसाठी वापरा, ही त्यांची भूमिका होती.

पुढे दामोदरच्या मूळ आराखड्यातल्या आठ धरणांपैकी चारच सुरुवातीच्या काळात बांधली गेली, आणि धरणांमुळे उठवलेल्या आदिवासींचे व गरिबांचे पुनर्वसन रखडले. ते अपयश लपवायचे कारण नाही. पण बाबासाहेबांच्या विचारातली पद्धत आपल्यासाठी महत्त्वाची आहे. पुराकडे त्यांनी नशीब म्हणून पाहिले नाही, दया म्हणूनही पाहिले नाही. राज्याने आखणी करून सोडवायचा प्रश्न म्हणून पाहिले.

आता याच्या शेजारी त्यांची दुसरी मागणी ठेवा. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवण्याचा ठराव केला. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोग मागितला. पडीक सरकारी जमिनी या आयोगाकडे द्याव्यात आणि केंद्राने दरवर्षी ५ कोटी रुपये त्यासाठी ठेवावेत, असे त्यात लिहिले होते. ५ कोटी, आणि तेही १९४७ साली! ही मागणी मान्य झाली असती तर गावकुसाबाहेरच्या किती वस्त्या सखल जागेतून उठून उंच, मालकीच्या, पक्क्या घरांत गेल्या असत्या? ज्याला आज आपण पूर-पुनर्वसन म्हणतो, त्याचा गाभा त्या मागणीत होता : जागा, मालकी आणि घर. तीन बंद्यांना दिलेले ते तीन शब्दांचे उत्तर होते.

राज्याने ठरवले तर होते

‘एवढ्या लोकांना जागा कुठून द्यायची?’ असे विचारणाऱ्यांना पुण्याचे उदाहरण द्यावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, मागोमाग खडकवासला फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नदीपासून दूर, नव्या जागेवर. त्या लोकांचेही हाल झाले, घरांच्या मालकी हक्काचा प्रश्न तर पुढे कित्येक दशके रेंगाळला. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. शहराच्या मध्यवर्ती पेठा बुडाल्या तेव्हा त्या लोकांना जुन्याच जागी परत पाठवणे हा एकमेव मार्ग राज्याला वाटला नाही. मग दर काही वर्षांनी बुडणाऱ्या भीमनगरला, अण्णाभाऊ साठे नगरला तोच न्याय का नाही?

गाळ कोण काढतो?

आणखी एका प्रश्नावर फार कमी बोलले जाते. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड बुडाले. हे तेच महाड, जिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले होते. २०२१ मध्ये साऱ्या शहराची गटारे एक झाली. शुद्धीला घागरी घेऊन कोणी आले नाही. आली ती सफाई कामगारांची पथके. मुंबई-ठाण्याच्या महापालिकांचे कामगार पाठवले गेले, जसे २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पाठवले गेले होते. गाळ, मेलेली जनावरे, तुंबलेली गटारे त्यांनी उपसली. हे काम बहुतांशी कोणत्या समाजांतले लोक करतात, हे सांगायला हवे का? त्यांना बूट, हातमोजे, लस, वैद्यकीय तपासणी आणि जादा वेतन मिळाले की नुसती शाल-श्रीफळाची कौतुके मिळाली, हे प्रत्येक पुरानंतर आपण विचारले पाहिजे. शहर पूर्वपदावर येते ते या हातांनी येते.

आपण काय करायचे?

मागण्या स्पष्ट आहेत. निळ्या पूररेषेतल्या प्रत्येक दलित, आदिवासी, भटक्या वस्तीची यादी ग्रामपंचायतनिहाय जाहीर करा. पूर येण्याआधी, वस्तीच्या संमतीने, कामधंद्याच्या जवळ, पती-पत्नी दोघांच्या नावाने जागा द्या. मदतीसाठी मालकीचा कागद मागू नका. रेशनकार्ड, मतदार यादी, वीजबिल यांपैकी काहीही राहण्याचा पुरावा म्हणून धरा. पाणी ओसरल्यावर महिन्याने मातीच्या घरांचे फेरपंचनामे सक्तीचे करा. ‘झोपडी’ आणि ‘घर’ हा भेद काढून टाका. जिथे कुटुंब राहते ते घर.

मागण्या मान्य होईपर्यंत पूर थांबणार नाही. म्हणून वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनी काही गोष्टी पाठ कराव्यात. पाणी ओसरले की लगेच आत शिरू नका; मातीच्या भिंतीला भेगा, फुगवटा किंवा कल दिसला तर आधी छपराला टेकू द्या. मेन स्विच बंद असल्याची खात्री करा, वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. गाळ काढण्याआधी फोटो घ्या : भिंतीवरची पाण्याची खूण, भेगा, सामान, आणि एका फोटोत घरमालक. मग गाळ ओला असतानाच काढा, वाळल्यावर तो दगड होतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्या. ओल्या मातीच्या भिंतीवर घाईने सिमेंट किंवा ऑइल पेंट लावू नका, ओल आत कोंडते. भिंत पूर्ण वाळल्यावर चुना द्या, तो बुरशीला रोखतो. भिजलेले दाखले उन्हात न टाकता कोऱ्या कागदांत दाबून सावलीत वाळवा. पाणी उकळून प्या, ताप आला तर थेट दवाखाना गाठा.

पंचनाम्याच्या वेळी वस्तीतले दोन लिहिते-वाचते जण, त्यात एक बाई, तलाठ्यासोबत घरोघरी फिरल्या पाहिजेत. काय लिहिले ते वाचून घ्या, मगच सही करा. नाव सुटले तर त्याच दिवशी तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. यादी मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. भेदभाव झाला तर अर्जात कलम ६१ चा उल्लेख करा.

या कामात कोणी मदत म्हणून चार चादरी आणि तांदळाचे पाकीट घेऊन आला, तर त्याला नाही म्हणू नका. भुकेला ते लागतेच. पण चादर घेताना जमिनीचा प्रश्न सोडू नका. खेड्याने आपल्याला सखल जागा दिली, कच्ची भिंत दिली, कागद दिला नाही. तेच घर पुन्हा लिंपून आपल्याला परत देणार असाल, तर ते आम्हाला नको. आमच्या पूरग्रस्त बांधवांना पूर्वपदावर यायचे नाही. त्यांना गावकुसाच्या आत, उंच जागी, स्वतःच्या नावाच्या घरात जायचे आहे.

जय भीम!